बुळकांडी : गुरांच्या एका महारोगाचा अंत

राजांच्या मोहिमा, तहनामे आणि राजधान्यांचे उदयास्त यांनी इतिहासाची पाने भरलेली असतात. माणसांवर कोसळलेल्या दुष्काळांना व साथींनाही त्यांत थोडीबहुत जागा मिळते. परंतु ज्या बैलांच्या मानेवरील जुवावर हा सारा डोलारा उभा होता, त्या मुक्या जनावरांवर कोणकोणती अरिष्टे आली व त्यांतून ती कशी सुटली, हे सांगण्याची तसदी ग्रंथकारांनी क्वचितच घेतलेली आहे. वास्तविक पाहता, ऐन पेरणीच्या तोंडावर ज्या कुणब्याची दावण रिकामी झाली, त्याच्या दृष्टीने दिल्लीच्या तख्तावर कोण बसला हा प्रश्न अगदीच गौण होता. नांगर, मोट, गाडी आणि मळणी ही चारही कामे जोवर बैलांवाचून होत नव्हती, तोवर गुरांची साथ म्हणजे माणसांच्या दुष्काळाची आगाऊ वर्दीच असे.

अशा साथींत सर्वांत भयंकर ती बुळकांडीची. आमच्या शहरी वाचकांपैकी कित्येकांनी आज हा शब्दही ऐकलेला नसेल. आणि तो कानावर न येणे हीच त्या रोगावर माणसाने मिळविलेल्या विजयाची खूण आहे. माणसांतील देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. त्यानंतर भूतलावरून समूळ नाहीसा झालेला दुसरा रोग तो हाच, व जनावरांच्या रोगांत तर असा हा एकटाच. या विजयाची हकीकत मनोरंजक आहेच. पण प्रस्तुत लेखात तिच्या एका विशिष्ट अंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बुळकांडीचा विषाणू जनावराच्या शरीरात शिरला म्हणजे त्याचा पहिला घाला शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींवरच पडत असे. हा घाला कसा पडे, तो शास्त्रज्ञांच्या ध्यानी कसा आला, आणि ज्या संरक्षक सैन्याचा तो विषाणू संहार करी त्याच सैन्याला शिकवून सज्ज केल्याने त्याचा अंत कसा झाला, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. संसर्ग झाल्यावर कांही दिवस जनावर वरवर निरोगी दिसे. मग एकाएकी ताप भरे, रवंथ बंद पडे, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागे. दोन-तीन दिवसांत हिरड्यांवर, जिभेखाली व गालांच्या आतल्या बाजूस कोंडा पेरल्यासारखे ठिपके उठत व त्यांचे व्रण होत. तोंडास दुर्गंधी सुटे. त्यापाठोपाठ पाण्यासारखे, पुढे पुढे रक्तमिश्रित जुलाब सुरू होत. जनावर खंगत जाई, त्याचे डोळे खोल जात, आणि ताप आल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत ते मान टाकी. ज्या मुलखात हा रोग पूर्वी कधी आलेला नसे, तेथे शंभरांतील नव्वद जनावरेही दगावत. आमच्याकडील मैदानी प्रदेशातील गुरांत पिढ्यानपिढ्यांच्या सहवासाने कांही काटकपणा आलेला होता, त्यामुळे त्यांतील बरीच वाचत. पण हिमालयाच्या उतारावरील पहाडी गुरे या रोगापुढे अगदी हतबल ठरत. खेड्यापाड्यांतील लोक या रोगासही 'देवी' म्हणत, व त्याच भक्तिभावाने आणि त्याच भीतीने त्याकडे पाहत.

युरोपखंडातही या रोगाने शतकानुशतके धुमाकूळ घातला होता. सैन्यामागून रसदीची गुरे जात, आणि गुरांमागून रोग जाई. त्यामुळे बहुतेक प्रत्येक मोठ्या लढाईची शेपटी म्हणून ही साथ येत असे. १७११ साली ती इटलीत शिरली, तेव्हा पोप अकरावा क्लेमंट याचा वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिझी याने एक कठोर उपाय सुचविला. आजारी जनावरे ताबडतोब मारून चुनखडीत पुरावी, गुरांची ने-आण बंद करावी, आणि हुकूम मोडणाऱ्यास जबर शिक्षा व्हावी, असे त्याचे सांगणे होते. औषधांच्या काढ्यांवर व नवससायासांवर विसंबणाऱ्या त्या काळात हा सल्ला अनेकांस निर्दय वाटला असल्यास नवल नाही. परंतु पोपच्या मुलखात तो अमलात आला व तेथील साथ थोड्याच महिन्यांत आटोपली. जेथे तो अमलात आला नाही, तेथे ती वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. पुढे १७६२ साली फ्रान्समधील लिऑन येथे क्लोद बूर्जला याने पशुवैद्यकाची पहिली शाळा उघडली, तिच्या मागेही या रोगाचीच प्रेरणा होती. जगातील पशुवैद्यकविद्या अशा रीतीने बुळकांडीच्या धाकाने जन्मास आली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८६५ साली बाल्टिक समुद्राच्या काठावरून निघालेली गुरांची एक खेप इंग्लंडच्या हल बंदरी उतरली, आणि तेथून हा रोग त्या देशभर पसरला. रोग आपोआप उपजतो की एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, याविषयी तेथील विद्वानांत तेव्हा कडाक्याचे वाद चालू होते. चौकशीसाठी राजकीय मंडळ नेमण्यात आले, व त्याच्यासाठी काम करणाऱ्या जॉन बर्डन सँडरसन याने आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरास टोचून रोग पसरतो हे दाखवून दिले. अखेर लान्चिझीचाच मार्ग स्वीकारावा लागला, आणि १८६७ पर्यंत तो देश रोगमुक्त झाला.

हिंदुस्थानात मात्र हा मार्ग बंद होता. गाय-बैल मारण्याची कल्पना येथील समाजास सहन होणारी नव्हती. शिवाय रोग इतका सर्वत्र पसरलेला होता की, मारावयाची म्हटली तरी कोणती आणि किती मारावी, असा प्रश्न पडला असता. सरकारने जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले, व त्याने हिंदुस्थानातील गुरांच्या साथींसंबंधी आपला अहवाल १८७१ साली प्रसिद्ध केला. देशातील गुरांच्या मृत्यूचे मुख्य कारण हाच रोग आहे हे त्यामुळे सरकारदरबारी मान्य झाले. पुढे १८८९ च्या डिसेंबरात पुण्यास, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाची प्रयोगशाळा सुरू झाली. गुरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास करणारी या देशातील ही आद्य संस्था महाराष्ट्राच्या भूमीवर, मुळामुठेच्या काठी जन्मास आली, ही गोष्ट आमच्या पुणेकर वाचकांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांस लौकरच असे दिसून आले की, इतके भयंकर सांसर्गिक रोग भरवस्तीच्या शहराशेजारी हाताळणे धोक्याचे आहे. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. दाट अरण्य, विरळ वस्ती आणि थंड हवा यांमुळे ते स्थळ या कामास योग्य ठरले. शिवाय रोगास तत्काळ बळी पडणारी पहाडी गुरे तेथे हाताशी होती, हा प्रयोगाच्या दृष्टीने मोठाच लाभ होता.

याच सुमारास आफ्रिकाखंडात एक महाभयंकर प्रकरण घडत होते. १८८७ साली इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग लाल समुद्राकाठच्या मसावा बंदरी उतरला, असे इतिहासकार मानतात. आफ्रिकेच्या त्या भागातील जनावरांना त्याची यत्किंचितही ओळख नव्हती. इथिओपियातील बहुतेक सर्व गुरे मेली, नांगर थांबले, आणि १८८८ ते १८९२ या काळात पडलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक तृतीयांश प्रजा नष्ट झाली असा अंदाज आहे. तेथून दक्षिणेकडे सरकत सरकत रोगाने गुरांच्या दुधावर जगणाऱ्या मसाई लोकांस भिकेस लाविले, रानरेडे व हरणे यांचीही कत्तल उडविली, आणि १८९६ साली झांबेझी नदी ओलांडून तो दक्षिण आफ्रिकेत शिरला. तारांची कुंपणे, बंदूकधारी पहारे, कशानेही तो अडला नाही. ज्या टोळ्या आपल्या गुरांच्या बळावर परकीय सत्तेपुढे ताठ उभ्या होत्या, त्यांचा कणा या रोगाने मोडला. आणि तोफांना जे जमले नव्हते ते एका अदृश्य विषाणूने केले, असे तो इतिहास वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

तेथील सरकारने क्षयाच्या जंतूंचा शोध लावणाऱ्या रॉबर्ट कॉख यास पाचारण केले. १८९६ च्या डिसेंबरपासून त्याने किंबर्ले येथे प्रयोग चालविले, व रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावरास टोचल्यास त्यास संरक्षण मिळते असे जाहीर केले. तेथूनच तो १८९७ साली ग्रंथिज्वराच्या, म्हणजे प्लेगाच्या, अभ्यासासाठी मुंबईस आला. त्याच्या मागे राहिलेल्या कोल्ले व टर्नर यांनी त्याच वर्षी अधिक खात्रीची रीत काढली. रोगातून बऱ्या झालेल्या जनावराचे रक्तजल, ज्यास सीरम म्हणतात, ते एका बाजूस टोचावयाचे, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूस रोगी जनावराचे जिवंत विषाणूयुक्त रक्त टोचावयाचे. रक्तजलाने रोगाचा जोर मोडे, आणि रोगाने शरीरास कायमचा धडा मिळे. हिंदुस्थानातही मुक्तेश्वरी असे रक्तजल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. एवढ्यात १९०२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे मॉरिस निकोल व आदिल बे यांनी रोगाचे कारण जंतूंनाही अडविणाऱ्या गाळण्यांतून पार जाते हे सिद्ध केले. म्हणजे ते साध्या सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीपलीकडचे होते. अशा कारणांस आज आपण विषाणू म्हणतो.

येथवर सर्व ठीक होते; परंतु टोचणीच्या कामात एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळू लागली. टोचलेली कांही जनावरे बुळकांडीच्या सौम्य झटक्यातून सावरत आहेत असे वाटत असतानाच, त्यांना अगदी निराळाच ज्वर येई, लघवीस रक्त पडे, आणि ती मरत. याचे एक कारण सरळ होते. टोचण्यासाठी वापरलेल्या रक्ताबरोबर गोचिडांपासून होणाऱ्या तापाचे परजीवी जंतूही एका जनावरातून दुसऱ्यात जात. परंतु कित्येक ठिकाणी हे जंतू बाहेरून आलेलेच नव्हते. ते त्या जनावराच्या रक्तात वर्षानुवर्षे निजून होते. शरीराने त्यांस जणू जामिनावर सोडून डोळ्यांखाली ठेविले होते, आणि दोघांचे बरे चालले होते. बुळकांडीचा संसर्ग होताच हे जुने कैदी मोकाट सुटले. आतड्यांतील इतर जंतूंचीही तीच कथा, आणि फुफ्फुसांतील जंतूंचीही तीच. म्हणजे हा रोग स्वतःच्या विषाने मारी, आणि शिवाय शरीराचे सर्व दरवाजे उघडे टाकून इतरांकडूनही मारवी.

असे का व्हावे, याचा पहिला धागा गोठ्यात सापडला नाही. तो सापडला व्हिएन्नातील मुलांच्या दवाखान्यात. क्लेमेन्स फॉन पिर्के हा डॉक्टर क्षयाच्या परीक्षेसाठी मुलांच्या कातडीवर ट्युबरक्युलिन टोचीत असे. ज्याच्या शरीराने पूर्वी क्षयजंतूशी सामना केलेला असे, त्याच्या कातडीवर लाल गांठ उठे. १९०८ साली त्याने असे नमूद केले की, ज्या मुलाच्या अंगावर ही गांठ निश्चित उठत असे, त्यास गोवर आला म्हणजे त्या दिवसांत ती मुळीच उठत नाही. शरीर आपल्या जुन्या वैऱ्यास जणू ओळखीनासे होते! एखादा विषाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीस लुळी पाडतो, याची ही पहिली लेखी साक्ष होय. आता गोवर आणि बुळकांडी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तर हे दोन विषाणू सख्खे भाऊ आहेत. माणसाने गुरे पाळली, त्यांच्या निकट वस्ती केली, आणि बुळकांडीच्या पूर्वजापासूनच एक शाखा फुटून ती माणसांत गोवर म्हणून नांदू लागली, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. बर्लिन येथे १९१२ पासून जतन केलेल्या एका फुफ्फुसाच्या तुकड्यातील गोवराचा विषाणू तपासून २०२० साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे ही फूट ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपास पडलेली असावी. तेव्हा आमच्या लेकरांच्या अंगावर उठणारा गोवर ही एका अर्थी गोठ्यातूनच आलेली देणगी आहे.

या दोन्ही भावांची चाल एकच. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लसिकापेशी नावाचा एक वर्ग आहे. परक्या जंतूस ओळखणे, त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करणे, आणि लढाई संपल्यावर त्याची ओळख पुढील काळासाठी जपून ठेवणे, ही कामे या पेशी करतात. त्यांस शरीराचे शिपाई आणि शरीराचे दप्तरदार असे दोन्ही म्हणता येईल. जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखविले की, गोवराचा विषाणू पेशीत शिरावयाचा तो तिच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट प्रथिनास चिकटून शिरतो, आणि हे प्रथिन प्रामुख्याने जागृत झालेल्या संरक्षक पेशींच्याच अंगावर असते. पुढल्याच वर्षी बुळकांडीचा विषाणूही हेच दार वापरतो असे सिद्ध झाले. शिपायाने गणवेश चढवावा आणि त्या गणवेशावरूनच वैऱ्याने त्यास हेरावे, असा हा प्रकार आहे.

जनावराने श्वासाबरोबर विषाणू आत घेतला की तो घशाच्या आसपासच्या लसिकाग्रंथींत प्रथम ठाण मांडी. तेथील पेशींत त्याची वाढ होई, आणि त्याच पेशींवर स्वार होऊन तो प्लीहा, इतर ग्रंथी आणि आतड्यांच्या भिंतींतील लसिकापेशींचे पुंजके येथवर पोहोचे. लसिकापेशी झपाट्याने नष्ट होत व रक्तातील त्यांची संख्या एकदम खाली येई. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करणाऱ्यास आतड्यांतील हे पुंजके सडून काळे पडलेले व गळून गेलेले दिसत. त्यानंतर विषाणू तोंडाच्या व आतड्यांच्या अस्तरावर उतरे. व्रण आणि जुलाब हे त्याचे परिणाम. म्हणजे मालकाच्या डोळ्यांस तोंडातील पहिला व्रण दिसे, तोवर आतल्या सैन्याची वाताहत केव्हाच होऊन चुकलेली असे. गावचा वैदू तोंडास हळद-तेल लावी व जुलाबावर काढा पाजी, त्याचा उपयोग का होत नसे, हे यावरून स्पष्ट होईल.

आता यातील सर्वांत आश्चर्याची गोष्ट. इतका संहार होऊनही जे जनावर जगे, त्यास पुन्हा जन्मात बुळकांडी होत नसे. ज्या विषाणूने दप्तर जाळले, त्याचेच नांव मात्र नव्या दप्तराच्या पहिल्या पानावर कायमचे कोरले जाई. उरलेल्या मूठभर पेशी त्यास ओळखून त्याच्याविरुद्ध इतक्या जोमाने वाढत की, ती ओळख मरेपर्यंत टिके. शिवाय या विषाणूच्या अनेक पोटजाती असल्या तरी एकीविरुद्ध मिळालेले संरक्षण सर्वांविरुद्ध लागू पडे. विषाणू बरे झालेल्या जनावरात लपूनही राहत नसे. वैऱ्याचे हे तीन कच्चे दुवे होते, आणि पुढील सर्व इतिहास या तीन दुव्यांवर घाव घालण्याचा आहे.

पहिला मोठा घाव मुक्तेश्वरी बसला. तेथे १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू बैलांत न वाढविता बकऱ्यांत वाढविण्यास आरंभ केला. गुरांच्या रक्तातील ते परजीवी जंतू बकऱ्यांत नांदत नाहीत. तेव्हा बकऱ्याचे रक्त टोचल्यास निदान तो उपद्रव तरी टळेल, एवढाच मूळ उद्देश होता. परंतु एका बकऱ्यातून दुसऱ्यात असे वारंवार नेता नेता विषाणूचा गुरांविषयीचा क्रूरपणाच ओसरत गेला, आणि १९२७ च्या सुमारास असे दिसून आले की, रक्तजलाची जोड न देता हा बकऱ्यातील विषाणू एकटाच टोचला तरी मैदानी गुरे तो सहन करतात व त्यांस दीर्घकाळ संरक्षण मिळते. लस स्वस्त झाली, आणि लाखो गुरांस टोचणे आवाक्यात आले. तथापि पहाडी व विलायती वाणाच्या गुरांस ती जड जाई, आणि निजलेले जंतू जागे होण्याचा जुना अनुभव तिच्याही बाबतीत अधूनमधून येई. कारण विषाणू सौम्य झाला तरी त्याचा स्वभाव पुरता गेलेला नव्हता. अशा नाजूक जनावरांसाठी जुन्जी नाकामुरा यांनी १९३८ साली कोरियात सशांत वाढविलेली सौम्य लस पुढे उपयोगी पडली.

या लढ्यास जागतिक स्वरूप येण्यास कारण झाले तेही हिंदुस्थानातूनच निघालेल्या गुरांचे. ब्राझिल देशास जाणारी येथील वशिंडाची गुरे १९२० साली बेल्जमच्या अँटवर्प बंदरी कांही काळ उतरली, आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी त्या देशात शिरली. युरोपातील राष्ट्रे खडबडून जागी झाली, व त्यांच्या विचारविनिमयातून १९२४ साली पॅरिस येथे जनावरांच्या साथींवर देखरेख ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

अखेरचे अस्त्र केनियातील मुगुगा येथे घडले. वॉल्टर प्लॉराइट व त्यांचे सहकारी फेरिस यांनी वासराच्या मूत्रपिंडापासून काचपात्रात वाढविलेल्या पेशींत हा विषाणू सुमारे नव्वद पिढ्या वाढविला, आणि १९६० च्या सुमारास अशी लस सिद्ध केली की, ती कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या गुरास निर्धास्त टोचता यावी. जनावराचा अंगचा ताप वाढत नसे, निजलेले जंतू जागे होत नसत, आणि संरक्षण आयुष्यभर टिके. मूळ विषाणू जी शिकवण सैन्याचा संहार करून देई, तीच शिकवण रक्ताचा थेंबही न सांडता देणारा हा गुरू होता. या कार्याबद्दल प्लॉराइट यांस १९९९ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. पुढे उष्ण हवेतही टिकणारी लस निघाली, आणि आफ्रिकेतील भटक्या गुराख्यांनीच ती टोचण्याचे शिक्षण घेतले. जेथे डॉक्टरांची मोटार जाऊ शकत नव्हती, तेथे लस गुराख्याच्या झोळीतून गेली.

भारतात राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलनाची योजना १९५४ साली सुरू झाली. गावोगावचे पशुवैद्य, टोचणारे मदतनीस, बाजारांच्या व सरहद्दींच्या नाक्यांवरील पहारे, असा तो चार दशकांचा चिकाटीचा उद्योग होता. रोग पुष्कळ हटला, पण पुनःपुन्हा डोके वर काढी. शंभरांतील ऐंशी जनावरे टोचली तरी उरलेल्या विसांत तो जीव धरून राही. १९९२ पासून नव्या आखणीने काम झाले. रोगाचे शेवटचे अड्डे हुडकून तेथे जोराची टोचणी करावयाची, आणि इतरत्र टोचणी थांबवून बारीक नजर ठेवावयाची. टोचलेल्या व रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तातील प्रतिद्रव्ये सारखीच दिसत असल्यामुळे, टोचणी थांबविल्यावाचून रोग गेला की नाही हे कळण्यास मार्गच नव्हता. या मार्गाने १९९५ नंतर भारतात एकही जनावर बुळकांडीने आजारी पडले नाही, आणि २००६ साली देश या संसर्गापासून मुक्त असल्याचे मान्य झाले. जगातील अखेरची नोंद २००१ साली केनियातील मेरू अरण्यातल्या रानरेड्यांत झाली. २०११ च्या मे महिन्यात पॅरिस येथे, आणि त्याच वर्षी २८ जून रोजी रोम येथे, हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा करण्यात आली.

येथे कोणी म्हणेल की, गेलेल्या वैऱ्याची कुळकथा आता कशास हवी? त्यास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, त्याचे भाऊबंद अजून हयात आहेत. शेळ्यामेंढ्यांत पीपीआर नावाचा जो रोग होतो, व ज्यास आमच्या खेड्यांत शेळ्यांची बुळकांडी असेच म्हणतात, तो याच कुळातील. १९४२ साली पश्चिम आफ्रिकेत त्याचे वर्णन झाले, आणि १९८७ साली तो भारतात तमिळनाडूत प्रथम ओळखला गेला. शेळी ही गरिबाची गाय. या रोगाने लसिकापेशी खच्ची झाल्या की शेळीच्या घशातील एरवीचे निरुपद्रवी जंतू फुफ्फुसात उतरतात व ती न्यूमोनियाने मरते. मालक बिचारा गारठ्यास दोष देतो. या रोगावर मुक्तेश्वरीच तयार झालेली चांगली लस आज उपलब्ध आहे, आणि २०३० पर्यंत जगातून त्याचे उच्चाटन करण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संस्थांनी सोडलेला आहे. धनगराच्या वाड्यावर ती लस वेळेवर पोहोचते की नाही, यावर तो संकल्प तडीस जाणे अवलंबून राहील.

दुसरे उत्तर आमच्या वाचकांच्या घरांशी अधिक जवळचे आहे. गोवरातून उठलेले मूल पुढे महिनोन्महिने हळवे राहते, त्यास जपावे लागते, हे आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया अनुभवाने सांगत आल्या. त्या सांगण्यात किती तथ्य होते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. हॉलंडातील लस न टोचलेल्या मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासता असे आढळले की, इतर रोगांविरुद्ध त्या मुलांनी जमविलेल्या प्रतिद्रव्यांच्या साठ्यातील ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत भाग गोवराने पुसून टाकला होता. लस टोचलेल्या मुलांत अशी हानी आढळली नाही. गोठ्यात शंभर वर्षांपूर्वी जे दिसले, ते पाळण्यातही खरे ठरले. आणि तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईसारख्या शहरात गोवराची साथ आली व तीत कांही बालके दगावली, हे आपण सर्वांनी पाहिले.

रोग नाहीसा झाला की त्याची भीती नाहीशी होते, आणि भीती गेली की सावधपणाही जातो, असा मनुष्यस्वभाव आहे. बुळकांडीचा विषाणू शरीराची आठवण पुसून मग त्यास मारी. समाजाची आठवण पुसण्यास मात्र कोणा विषाणूची गरज पडत नाही, त्यास दोन सुखाच्या पिढ्या पुरतात. ज्या लान्चिझीपासून प्लॉराइटपर्यंतच्या पंडितांनी, आणि ज्या हजारो अनाम टोचणाऱ्यांनी ऊनपावसात गावोगाव हिंडून हा महारोग घालविला, त्यांचे स्मारक कोठे उभारलेले आमच्या पाहण्यात नाही. पोळ्याच्या दिवशी शिंगांस बेगड लावून मिरविणारी बैलजोडी हेच त्यांचे स्मारक समजावे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी तान्हे मूल असेल त्यांनी गोवराच्या लशीची तारीख, व ज्यांचे गावी शेळ्यामेंढ्या असतील त्यांनी पीपीआरच्या लशीचा हंगाम, एवढा तरी चुकवू नये, अशी आमची विनंती आहे.